डोक्यावरची कोंबडी

"माझ्या डोक्यावर हल्ली कुणी कोंबडीसुद्धा घालत नाही," बाजूच्या सीटवरून गार्थ पुटपुटला.

त्याच्या बायकोने, डेस्लीने, ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. गाडी चालवणाऱ्याला तेवढी सवलत असते. शिवाय समोर फाटक पडलं होतं आणि उसाची आगगाडी कारखान्याकडे निघाली होती, उजवीकडून डावीकडे, रमतगमत. एकतीस वर्षं गार्थने हीच गाडी हाकली होती. फाटकाशी थांबलं की डबे मोजायचे ही त्याची जुनी खोड.

"अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद... जातात कुठं गं हे? मधेच गायब होतात."

"डावीकडे जातात. मान वळव."

त्याने मान वळवली. "हात्तिच्या! आहेत की. बॅरीने गिळले वाटलं मला."

बॅरी म्हणजे गार्थच्या मेंदूत उजव्या बाजूला बसलेली गाठ. डॉक्टरांनी तिला जिभेला गाठ पडेल असं लांबलचक नाव दिलं होतं. गार्थने पहिल्याच आठवड्यात ते रद्द करून टाकलं. खरा बॅरी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, नोलीनचा, माजी नवरा. मोठ्या वादळात घराचं छप्पर उडालं म्हणून दोन दिवसांसाठी पथारी घेऊन आला आणि अकरा महिने यांच्या व्हरांड्यात राहिला. फ्रीजमधली बिअर संपवायचा आणि वर बिअर गार नाही म्हणून कुरकुरायचा. त्याला हाकलायला शेवटी पोलिसांना सांगावं लागलं. तेव्हा नाव अगदी शोभून दिसलं.

दोन वर्षांपूर्वी या नव्या बॅरीला कवटी उघडून काढला, मग सहा आठवडे किरणांनी भाजला, सहा महिने गोळ्यांनी धुतला. वर्षभर तो गप्प होता. गेल्या मे महिन्यात परत आला, पथारीसकट. तेव्हापासून निळ्या कॅपसुला सुरू होत्या. दर सहा आठवड्यांनी एका रात्री पाच. दिसायला अगदी गोंडस, लहान मुलांच्या वाढदिवसाला वाटाव्यात अशा. पण डेस्लीने त्या हातमोजे घालून काढायच्या आणि गार्थने नुसत्या हाताने तोंडात टाकायच्या. "तुझ्या बोटांना चालत नाहीत, माझ्या पोटाला चालतात. शाबास!" असं तो दर वेळी म्हणायचा आणि गिळायचा. मग दोन दिवस ओकारी, आठवडाभर अंथरूण, आणि महिन्याने रक्त इतकं पातळ की दाढी करताना कापलं तर टॉवेल भरायचा.

अशा दोन फेऱ्या झाल्या होत्या. आज गुरुवारी तिसरीची चर्चा होती.

डॉ. विक्रमरत्ने मूळच्या श्रीलंकेच्या, बोलायला मऊ. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. पांढरा डाग थोडा पसरला होता. "सूज असू शकते, गाठही असू शकते. खरं सांगायचं तर गाठच जास्त वाटतेय," त्या म्हणाल्या. "आता आपल्यापुढे काय आहे? एक तर याच कॅपसुलांची आणखी एक फेरी. नाहीतर दर पंधरवड्याला शिरेतून देतात ते दुसरं औषध, त्याने सूज उतरते, काही दिवस बरं वाटतं. किंवा..."

त्या 'किंवा'वर त्या थांबल्या.

"कॅपसुला," डेस्ली म्हणाली. खाटकाकडे उभं राहून 'चॉप्स द्या' म्हणावं तशी.

डॉक्टरीणबाईंनी गार्थकडे पाहिलं. "आणि तुम्हाला काय वाटतं?"

"घरची बाई म्हणेल ते. सदतीस वर्षांत दुसरं काही करून पाहिलं नाही."

"शनिवारी रात्री घ्यायच्या, रिकाम्या पोटी. तोवर विचार बदलला तर मला फोन करा. खरंच करा."

विचार कशाला बदलेल, असं मनात म्हणत डेस्लीने औषधांची कागदी पिशवी उचलली होती. ती पिशवी आता मागच्या सीटवर होती. डेस्लीने तिलासुद्धा पट्टा लावला होता.

फाटक उघडलं.

आता कोंबडीचं सांगायला हवं.

गार्थ आणि डेस्ली गावच्या बोल्स क्लबचे जुने सभासद. हिरव्या गवतावर दूर एक छोटी पांढरी गोटी ठेवायची आणि आपले चेंडू तिच्याजवळ सरपटवायचे, एवढाच खेळ. पण हे चेंडू एका बाजूला जड असतात, त्यामुळे सरळ जात नाहीत, वळण घेतात. कोणती बाजू जड हे कळायला त्यावर एक लहान खूण असते. ती खूण आत ठेवून टाकला तर चेंडू लाडात येऊन गोटीकडे वळतो. चुकून बाहेर ठेवून टाकला तर तोच चेंडू पाठ फिरवून शेजारच्या पट्टीत शिरतो आणि तिथला डाव उधळतो. म्हणजे उलटा चेंडू. माणसं चाळीस-चाळीस वर्षं खेळतात आणि एखाद्या दिवशी गप्पांच्या नादात टाकतात उलटा. इतर क्लबांत अशा माणसाने सगळ्यांना बिअर पाजायची असते. या क्लबात त्याने कोंबडी घालायची.

कोंबडी म्हणजे चहाच्या किटलीला घालायचं लोकरीचं टोपडं. मेव्हिस म्हणून एक म्हातारी होती, तिने विणलेलं. पिवळी चोच, लाल तुरा, बटणाचे डोळे, त्यातला एक केव्हाच पडला. उलटा चेंडू टाकला की ती डोक्यावर चढायची आणि दुसरा कुणी टाकेपर्यंत उतरायची नाही. बँकेच्या मॅनेजरने घातली होती, पाद्रीबाबांनी घातली होती. एकदा एक खासदार फीत कापायला आले आणि हौसेने एक चेंडू टाकून गेले, तेही भाषण कोंबडी घालूनच करून गेले.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका शनिवारी, गार्थने एका दुपारात चार उलटे टाकले. ओळीने चार! क्लबाच्या इतिहासात असं झालं नव्हतं. लोक गवतावर लोळून हसले. गार्थ कोंबडी घालून दोन तास नाचत होता, पंख फडकावत. कुणीतरी फोटो काढला, तो फळ्यावर लागला.

पंधरा दिवसांनी कळलं की ते चार चेंडू बॅरीने टाकले होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा फोटो गेला, नुसती टाचणी राहिली. कोंबडीही गेली. कुणी काही ठरवलं नाही, कुणी बोललं नाही, पण त्या दिवसापासून क्लबात कुणाच्याच डोक्यावर कोंबडी चढली नाही. कुणी उलटा टाकला तर लोक आकाशाकडे बघायचे. एके काळी शिव्यांनी दुमदुमणारा क्लब पार सभ्य होऊन गेला. गार्थ बरा होऊन परत खेळायला आला तेव्हा टाळ्या वाजल्या. टाळ्या! त्या क्लबात टाळ्या फक्त बार उघडल्यावर वाजायच्या.

घरी पोचले तेव्हा नोलीन स्वयंपाकघरात होती. तिच्याकडे किल्ली होती, आणि नसती तरी ती आत असती. नणंद जगाच्या कुठल्याही टोकाला नणंदच असते. ओट्यावर खारवलेलं बीफ, पांढरा सॉस आणि हळदीच्या गोळ्यांची बाटली, झाकणावर डॉलरचा आकडा खोडलेला.

"कसं झालं? नको, वाईट काही सांगू नका. आपण चांगलंच बोलायचं," नोलीन म्हणाली. ती कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून या घरात काही शब्दांवर बंदी होती. "शेवटची अवस्था" नाही म्हणायचं. "किती दिवस" नाही म्हणायचं. लढाई म्हणायचं.

"बॅरी जाडा झालाय," गार्थने जाहीर केलं.

"त्याला माझ्या नवऱ्याचं नाव देऊ नकोस म्हणून हजारदा सांगितलं."

"तुझा तरी पोलिसांना घाबरला. हा कुणालाच घाबरत नाही."

"लढायचं, गार्थ. विचार चांगले ठेवायचे. आणि या घे, हळदीच्या. भारतात म्हणे लोक रोज खातात."

"मग तिथे कुणी मरत नसेल," गार्थ म्हणाला.

नोलीनने बशीवर चमचा आपटला. 'मरणे' हा तर यादीतला पहिला शब्द होता.

जेवताना गार्थने ताटातलं उजवीकडचं सगळं संपवलं आणि काटा खाली ठेवला. डेस्लीने न बोलता ताट अर्धं फिरवलं.

"अरे वा, आणखी बटाटे!" तो म्हणाला. दर जेवणाला म्हणायचा. त्याला खरंच दर वेळी आश्चर्य वाटतं की तो तिच्यासाठी आश्चर्य करतो, हे डेस्लीने विचारलं नव्हतं. बऱ्याच गोष्टी तिने विचारल्या नव्हत्या. दुसऱ्या फेरीनंतर तो बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून पडला होता, तेव्हा "बास गं आता" असं म्हणाला होता. ती "काय?" म्हणाली. तो "काही नाही, फरशी गार आहे" म्हणाला. तिने त्यातलं दुसरं वाक्य खरं धरलं, कारण पहिलं खरं धरलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

शुक्रवारी सकाळी तिची क्लबात स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, भाजायची पाळी होती. ओव्हन तापेपर्यंत ती गवताकडे गेली. साल्वो टोरिसी एकटाच रोलर फिरवत होता. साल्वोची नऊशे एकर उसाची शेती, घसा ट्रॅक्टरसारखा, गार्थशी दोस्ती शाळेपासूनची.

"साल्वो, कोंबडी कुठंय?"

साल्वोने रोलर थांबवला, पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबवला. "धुवायला टाकलीय."

"दोन वर्षं?"

"लोकर आहे गं. वाळायला वेळ लागतो."

"साल्वो."

तो टोपी काढून कपाळ पुसू लागला. "डेस, मी हसलो होतो. सगळ्यात जास्त मी हसलो होतो. तिसऱ्या चेंडूला मी त्याला म्हणालो, डोकं कुठं गहाण ठेवलंस का लेका? आणि त्याच्या डोक्यात ते..." पुढे ट्रॅक्टर बंद पडला.

"तो काय म्हणाला काल, ठाऊक आहे? माझ्या डोक्यावर कुणी कोंबडीसुद्धा घालत नाही."

साल्वोने टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "चहाच्या फडक्यांच्या खणात. तळाला."

तिथेच होती. एक डोळा, वाकडी चोच, कसरीचा वास. डेस्लीने ती झटकली आणि एप्रनच्या खिशात कोंबली. काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. स्कोन मात्र त्या दिवशी करपले.

शनिवारी दुपारी एकही पान हलत नव्हतं. नदीपलीकडे कुणीतरी तोडणीआधी पाला जाळायला उसाचं शेत पेटवलं होतं, वरून काळी राख तरंगत येत होती आणि पांढऱ्या कपड्यांवर बसत होती. गावात ऑगस्टमध्ये पांढरं घालणं हा शुद्ध मूर्खपणा, पण नियम म्हणजे नियम.

नोलीन पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसली होती. "रात्री घ्यायच्या आहेत ना? मी येते. पहिल्या गोळीला आपण हात धरून म्हणू, मी जिंकणार."

"पाचच आहेत, नोलीन. एवढा समारंभ कशाला," गार्थ म्हणाला आणि डावा पाय ओढत गवतावर गेला.

पहिला चेंडू बरा गेला. दुसरा त्याने उचलला, फिरवला, खुणेकडे पाहिलं. कुठल्या खुणेकडे ते देवाला माहीत. आणि सोडला. चेंडू थोडा पुढे गेला, विचार केल्यासारखा थबकला आणि खुशाल पाठ फिरवून शेजारच्या पट्टीत शिरला. तिथे व्हर्ना पिकरिंगचे तीन चेंडू गोटीला चिकटून बसले होते. तिघांचीही पांगापांग झाली. आयुष्यात पहिल्यांदा जिंकायला आलेली व्हर्ना तोंड उघडून उभी राहिली, आणि मग म्हणाली, "छान होता, गार्थ! अगदी छान!"

"वाऱ्याने गेला," कुणीतरी म्हणालं.

"आज वारा फारच आहे," दुसऱ्याने साथ दिली. राख सरळ खाली पडत होती, ओळंब्याने मोजल्यासारखी.

गार्थने त्यांच्याकडे पाहिलं. एकेकाकडे. मग त्याने खाली वाकून तिसरा चेंडू उचलला, आणि क्लबाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणाऱ्या डेस्लीने मळायचं पीठ बाजूला सारलं. कारण या वेळी त्याने खूण नीट पाहिली होती. बोट ठेवून पाहिली होती. आणि मग मुद्दाम बाहेरच्या बाजूला फिरवून टाकला होता.

चेंडू थेट व्हर्नाच्या बुटावर आदळला.

"सुंदर!" व्हर्ना कळवळून म्हणाली.

गार्थ गवताच्या मधोमध उभा होता, हात खाली सोडून. तोंड उघडं, पण विनोद नव्हता त्यात. दोन वर्षांत तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. ओकताना नाही, टाके घातलेलं डोकं आरशात बघताना नाही. तेव्हा तो काहीतरी बोलला होता.

डेस्ली पिठाच्या हातांनी तशीच बाहेर पडली. पायरी उतरली, बूट न बदलता गवतावर शिरली. या गवतावर टाचांचे बूट घालून आलेल्याला क्लबाने पूर्वी तीन महिने बंदी घातली होती. ती त्याच्यापुढे उभी राहिली. केस गळून गेलेल्या जागी मऊ लव आली होती, आणि कानामागून टाक्यांचा घोड्याच्या नालेसारखा व्रण. तिने एप्रनच्या खिशातून कोंबडी काढली आणि त्याच्या डोक्यावर घातली. दोन्ही हातांनी, कानांपर्यंत ओढून.

"उलटा चेंडू," ती म्हणाली. "दोन. लाज नाही वाटत?"

मग साल्वोचा ट्रॅक्टर सुरू झाला. आधी खाकरल्यासारखा, मग पूर्ण वेगात. "कुक्कुटराज परत आले रे!" तो ओरडला. "लेका गार्थ, तू चाळीस वर्षं खेळतोस की माशा मारतोस? माझी म्हशीएवढी बायको तुझ्यापेक्षा सरळ टाकते!"

"तुझी बायको ऐकतेय," त्याची बायको म्हणाली.

"माझा बूट!" व्हर्नाला एकदम आठवलं. "माझं बोट मोडलं असतं, आंधळ्या! तीन होते माझे, तीन!" आणि मग तिलाच हसू फुटलं. पट्टीपट्टीतून हसू पसरत गेलं. गार्थने उजवा पंख फडकावला. डावा उठेना, तर उजव्या हाताने उचलून फडकावला.

आणि नोलीन खुर्चीवरून उठली.

"काढा ती!" तिचा आवाज चिरकला. ती गवतावर धावत आली, पर्स छातीशी धरून. "काढ ती आधी, डेस्ली! लाज वाटत नाही तुम्हाला? हसताय? माणूस मरतोय माझा, भाऊ मरतोय, आणि त्याच्या डोक्यावर कोंबडी घालता?"

मग तिलाच ऐकू आलं. तिने हात तोंडावर नेला, पण तोपर्यंत शब्द सगळ्या पट्ट्यांवरून फिरून आला होता.

हसू थांबलं.

"बरं झालं बाई," गार्थ कोंबडीखालून म्हणाला. "मला वाटलं, मलाच कुणी सांगितलं नाही."

नोलीन हुंदके देऊ लागली. गार्थने चांगला हात तिच्या खांद्यावर टाकला. "रडू नकोस गं. तूच एकटी शूर निघालीस. हळदीचा गुण."

"गप्प बस," नोलीन म्हणाली आणि त्याच्या शर्टाला नाक पुसलं.

लोक हळूहळू आपापल्या पट्ट्यांकडे वळले, पाठ करून, चेंडू पुसत, ऐकत. साल्वो नोलीनला हाताला धरून खुर्चीकडे घेऊन गेला. डेस्ली आणि गार्थ मधोमध राहिले. तिच्या हातांवरचं पीठ वाळून तडकत होतं. त्यावर राखेचा एक काळा तुकडा येऊन बसला. तिने तो फुंकला नाही.

"तिसरा तू मुद्दाम टाकलास," ती म्हणाली.

"दुसरा नाही. दुसरा बॅरीचा."

"बाथरूममध्ये तू 'बास' म्हणालास. मला ऐकू आलं होतं."

कोंबडीचा एक डोळा तिच्याकडे बघत होता.

"त्या कॅपसुला तू माझ्यासाठी घेणार आहेस," डेस्ली म्हणाली. "आणि मी तुझ्यासाठी देणार आहे. दोघांनाही नकोत आणि दोघंही शहाणे. आज रात्री नको घेऊस, गार्थ. सोमवारी मी डॉक्टरीणबाईंना फोन करते. त्यांचं ते 'किंवा' पुरं करायचं राहिलंय."

त्याच्या तोंडाची उजवी बाजू आधी थरथरली, डावी मागाहून.

"आणि मग तू?" त्याने विचारलं. "तुला चालेल?"

"नाही चालणार," डेस्ली म्हणाली. "मुळीच नाही चालणार. तरी नको घेऊस."